एकोणिसावी ओळ

संग्रहालयाचं पत्र आलं तेव्हा सूनबाई एका कोटाची बाही उसवत बसली होती. मामंजींनी पाकीट फोडलं, कागद उलटसुलट केला, चष्मा कपाळावर चढवला, परत नाकावर आणला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, "सूनबाई, जरा वाच बघू. या कारकून लोकांचं अक्षर म्हणजे काय सांगावं!"

पत्र छापील होतं. अक्षरं चांगली टपोरी होती. सूनबाईनं बाही खाली ठेवली आणि कागद घेतला.

मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध धुकं साठत चाललं होतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही अशी मामंजींची समजूत होती. सगळ्यांनी मिळून ती समजूत सांभाळली होती. सासूबाई चहाचा कप बरोबर त्यांच्या हाताला लागेल असा ठेवायच्या आणि वर "समोर ठेवलाय, दिसत नाही का?" असं खेकसायच्या, म्हणजे त्यांना संशय यायला नको.

पत्रात लिहिलं होतं की सापांच्या नोंदींची जुनी यादी नव्यानं तपासली जात आहे. नोंद क्रमांक दोनशे बारा, सोनरेघी साप, जलवाहिनीच्या टेकडीचा पूर्वेकडचा उतार. नोंद करणाऱ्याचं नाव मामंजींचं. चाळीस वर्षांत तिथून दुसरी नोंद नाही, पुरावा म्हणून ठेवलेली कात आता सापडत नाही. सबब शुक्रवारपर्यंत नवा पुरावा न आल्यास ही नोंद शंकास्पद म्हणून वगळण्यात येईल. खाली नोंदणी अधिकारी बाईंची सही.

"कुठला शब्द म्हणालीस तो?"

"शंकास्पद."

"हं," मामंजी म्हणाले. "वगळू देत. एक ओळ कमी झाली म्हणून काही यादीचं वजन घटत नाही." आणि त्या रात्री ते ताटावरून तसेच उठले.

मामंजी पाणीखात्यात होते. शहराला पाणी आणणारा तो मोठा काळा पाइप, त्याच्या कडेनं पस्तीस वर्षं रोज चालायचं, गळती शोधायची, जोड तपासायचे, हे त्यांचं काम. गळती जिथे तिथे ओल, ओल तिथे बेडूक, आणि बेडूक तिथे ज्यांनी असायला हवं ते. इतर गस्तवाले काठी आपटत जात. मामंजी थांबून बघत. बघता बघता शिकले. शाळेत कुणी शिकवलं नाही, पुस्तकं मागाहून आली. आधी तो उतार होता, ते दगड होते, आणि ज्यानं हे सगळं इतकं मन लावून घडवलं त्याच्याविषयीचं अपार कौतुक होतं. माणूस देवभोळा नव्हे, पण देवाच्या कारागिरीवर लट्टू झालेला.

त्यांच्या वहीत रकाने आखलेले असत. पहिला जागेचा. मग वेळ, ऊन की सावली, चाल, खवल्यांच्या ओळी, आणि नाव अगदी शेवटी. "नाव आधी लिहिलं ना, की डोळे आळशी होतात," ते सांगत. "मग ते त्या नावाला शोभेल तेवढंच बघतात. नाव शेवटी." हे त्यांनी घरात इतक्यांदा म्हटलं होतं की बाजारातून भाजीची पिशवी आली तरी सासूबाई म्हणत, "आत काय आहे ते सांगते, नाव शेवटी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी तिच्या शिलाईमशीनपाशी येऊन उभे राहिले. सूनबाई खाली बघून दोरा ओवत राहिली.

"तुझी नजर बारीक आहे," ते म्हणाले. "टाके मोजतेस तू. खवले मोजशील?"

सूनबाईच्या हातातली सुई थांबली. तिच्या नवऱ्याला विचारण्यात अर्थ नव्हता. तो दोरी बघून पलंगावर चढणाऱ्यांतला. आणि या घरात आल्यापासूनच्या सहा वर्षांत मामंजींनी कुणाकडे काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं.

"मोजीन की," ती म्हणाली. "पण साप धरायला सांगू नका हं."

"धरायचा नसतोच. बघायचा असतो."

सासूबाई दारात आल्या. "माझ्या सुनेला घेऊन कुठे निघालात? टेकडीवर? अगं, मलाही लग्नानंतर आठव्या दिवशी तिथेच नेलं होतं यांनी. मला वाटलं, हौसेनं फिरायला नेतायत. दगड उचलला आणि म्हणाले, बघ किती सुरेख! मी बघितलं, आणि जी पळत सुटले ती घरी येऊनच थांबले."

"आमच्या घरी येऊन थांबलीस, माहेरी नाही गेलीस," मामंजी म्हणाले. "तेवढ्यावर संसार झाला."

टेकडीवर पोचले तेव्हा ऊन नुकतंच गवतावर आलं होतं. पाइप सिमेंटच्या ठोकळ्यांवरून उतारभर पसरलेला, माणसाच्या छातीइतका उंच. मामंजींनी त्यावर डावा हात टेकवला आणि चालू लागले. हात लावला तो एखाद्या ओळखीच्या म्हाताऱ्या जनावराच्या पाठीवर लावावा तसा. ठेच नाही, अडखळणं नाही. पायांना सगळं पाठ होतं. तोंडानं देवाचं एक पद चाललं होतं, सुरात कमी आणि भावात जास्त.

"मामंजी, गाण्यानं साप पळणार नाहीत का?"

"माझं गाणं ऐकून आजवर फक्त माणसं पळाली आहेत."

पाइपच्या पाचव्या जोडापाशी पाणी ठिबकत होतं. सूनबाईनं पुढे वाकून बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "मामंजी! हिरवा! हिरवा साप!"

"रंग मी विचारला का? जागा सांग."

"इथे! इथे, माझ्यासमोर!"

"ते कळलं मला. तुझ्यासमोर म्हणजे कुठे?"

सूनबाईनं श्वास घेतला. "जोडाखाली. ओल्या गवतात."

"चाल?"

"चालतच नाही. मान वर काढून बघतोय. मला नाही, पलीकडे, डबक्याकडे."

"त्याला घाई नाही. बेडकाची वाट बघतोय. अंग गुळगुळीत की खरखरीत?"

सूनबाई भीतभीत का होईना, आता खरोखर बघू लागली. "खरखरीत. प्रत्येक खवल्याला मधोमध उभी घडी आहे. इस्त्रीची घडी असते ना पँटला, तशी."

मामंजी मनापासून हसले. "इस्त्रीची घडी! वा! चाळीस वर्षं मी त्याला कणा म्हणतोय. घडीच बरोबर आहे. आता म्हण नाव. गवत्या. विष नाही, राग नाही, फक्त भूक आहे."

गवत्यानं मान खाली घेतली आणि तो डबक्याकडे निघून गेला. घाई नाही, गोंधळ नाही. गवताचं एक पातंसुद्धा नको तितकं हललं नाही. सूनबाईच्या लक्षात आलं की आपण मघापासून श्वास धरून आहोत, पण भीतीनं नाही.

पूर्वेकडच्या उतारावर, पाइप टाकताना खणून काढलेल्या दगडांचे ढीग होते. इथेच, चाळीस वर्षांपूर्वी, अशाच सकाळी, मामंजींना सोनरेघी दिसली होती. बोटाएवढी जाड, हातभर लांब, तपकिरी, आणि पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत सोन्याची एक रेघ. तशीच दिसणारी राखरेघी कुठेही सापडते. तिची रेघ राखेच्या रंगाची. कातीवर रंग उरत नाही, म्हणून ओळी मोजायच्या. अंगाच्या मध्यावर आडव्या मोजल्या की राखरेघीच्या सतरा, सोनरेघीच्या एकोणीस. मामंजींना साप दिसला आणि त्याच दगडाखाली कात मिळाली. मोजली तर एकोणीस. पाणीखात्यातला साधा गस्तवाला, पण त्याचं नाव संग्रहालयाच्या यादीत छापलं गेलं. एकच ओळ. ती त्यांनी कधी भिंतीवर लावली नाही, पण घरातल्या प्रत्येकाला नोंदीचा क्रमांक पाठ होता.

मामंजींनी पहिल्या दगडापुढे हात जोडले. "घरधनी, जरा दार उघडतो." मग तिला शिकवलं. दगड आपल्याकडे उचलायचा, म्हणजे उघडलेलं तोंड पलीकडे राहतं. आतल्याला जायला वाट हवी, आणि ती आपल्या पायांतून नको. बघून झालं की दगड होता तसाच, होता तिथेच. "कुणाचं छप्पर काढतोय आपण. परत नीट घालायचं."

पंधरा दगड झाले, वीस झाले. गोम निघाली, झोपाळू बेडूक निघाला, मुंग्यांचं अख्खं गाव निघालं. मामंजी प्रत्येकाची विचारपूस केल्यासारखं ऐकून घेत. ऊन तापत चाललं. उद्या शुक्रवार. सूनबाईच्या कमरेत कळ येऊ लागली होती, पण त्यांचा चेहरा बघितला की ती पुढचा दगड धरी.

एकतिसाव्या दगडाखाली कात होती.

"मामंजी," ती एकदम हळू आवाजात म्हणाली, जणू कुणी झोपलंय.

कात ताजी नव्हती, पण डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग होती. पोटाकडून फाटलेली, दगडाच्या कडेला घासून निघालेली. सूनबाईनं ती तळहातावर घेतली आणि पहिलं काय बघितलं तर तिची बाजू. "ही उलटी आहे. बाही ओढून काढल्यासारखी."

"तशीच काढतात ते. ओठापासून सुरुवात करतात आणि अंगातून मागे उलटत नेतात. धागा नाही, गाठ नाही, एक टाका तुटत नाही. बुबुळावरची काचसुद्धा त्याच कापडातली असते. असा सदरा शिवून दाखव बघू कुणी!" मामंजी तिच्याजवळ सरकले. "मधला भाग धर. मोज."

पोटाकडच्या एका कडेपासून पाठीवरून दुसऱ्या कडेपर्यंत. सूनबाईनं टाचणीच्या टोकानं एकेक खवला मोजला, ओठांनी पुटपुटत. सोळा. सतरा. अठरा.

"एकोणीस!" ती ओरडली. "मामंजी, एकोणीस!"

मामंजी मटकन दगडावर बसले. चष्मा काढून पुसू लागले, आणि चष्म्यापेक्षा डोळेच जास्त पुसले गेले. "आहे म्हणजे," ते म्हणाले. "अजून आहे. मी म्हणत होतोच. शंकास्पद म्हणे!"

सूनबाईनं त्यांना पाणी दिलं, आणि कौतुकानं कात पुन्हा उन्हात धरली.

चोवीस वर्षं कात्रीशी खेळलेला हात होता तो. कडेचा खवला बोटाला वेगळा लागला. बाकीचे एकेरी, हा दुहेरी. तिनं टाचणीचं टोक त्याच्याखाली घातलं आणि हलकेच उचललं. खवला उचलला गेला नाही, उलगडला गेला. आत दुमडून वाळलेली पोटाखालची रुंद पट्टी होती ती. तिचा दुमडलेला काठ तेवढा वर दिसत होता, अगदी खवल्यासारखा. दुसऱ्या कडेलाही तेच. शिवणीत दुमडण्यासाठी जे जास्तीचं कापड सोडतात, ते नव्या शिकाऊ पोरी मापात धरतात आणि मग कोट ढगळ होतो. अगदी तसंच झालं होतं.

दोन्ही काठ वगळले की सतरा.

तिनं पुन्हा मोजलं. सतरा. थोडं पुढे मोजलं. सतरा.

मामंजी गुणगुणत होते. आता सूरही लागला होता.

एवढ्यात ढिगावरच्या सपाट दगडावर काहीतरी सरकलं. बोटाएवढं जाड, हातभर लांब. उन्हात येऊन थांबलं आणि पाठीवरची रेघ लखकन पेटली. सोन्याची! सूनबाईच्या जिवात जीव आला. चुकलंच असणार आपलं मोजणं. किती देखणं होतं ते! जणू एकाच दमात, हात न उचलता ओढलेली ओळ. डोळे म्हणजे दोन काळे मणी, आणि जीभ हवेची चव बघतेय.

मग ते दगडाच्या सावलीत उतरलं आणि सोनं विझलं. रेघ राखेच्या रंगाची होती. पुन्हा उन्हात आलं, पुन्हा सोनं. तिरप्या उन्हाची सगळी करामत.

"काहीतरी सरकलं," मामंजी म्हणाले. "बघितलंस? रंग काय?"

आजवर त्यांनी रंग कधी आधी विचारला नव्हता.

सूनबाईनं हातातल्या कातीकडे बघितलं. 'सोनेरी' म्हटलं तर खोटंही नव्हतं, मघाशी सोनेरीच होतं. 'एकोणीस' आधीच म्हणून झालं होतं, ते नुसतं तसंच राहू द्यायचं. त्यांना दिसत नव्हतं. कात घेऊन जाताना कडा जरा दाबून ठेवल्या तर बाईंनाही कदाचित दिसणार नाही. एका म्हाताऱ्या माणसाची एकच ओळ. कुणाचं काय बिघडणार होतं?

"सूनबाई."

"हो, मामंजी. मोजतेय परत."

मामंजींनी कान तिच्याकडे केला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मोजायला इतका वेळ लागत नाही गं. सांगायला लागतोय."

सूनबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. "सतरा आहेत," ती म्हणाली. "कडेचे दोन खवले नाहीत, दुमड आहे. आणि रंग उन्हात सोन्याचा, सावलीत राखेचा."

उतारावर वारा आला आणि गेला. मामंजींनी हात पुढे केला. तिनं कात त्यांच्या बोटांत दिली आणि त्यांचं बोट धरून कडेवर नेलं. एकेरी, एकेरी, एकेरी, मग दुहेरी. त्यांनी ते तीनदा चाचपलं. तिसऱ्यांदा त्यांचं बोट तिथेच थांबलं.

"तीही पोटाकडून फाटलेलीच होती," ते म्हणाले. "चाळीस वर्षांपूर्वीची. मी तिची कडा उलगडून बघितलीच नाही. कारण आधी साप दिसला होता, उन्हात. नाव मनात लिहून झालं होतं. मग एकोणीस हवे होते, एकोणीस मिळाले." आणि ते हसायला लागले, पोट धरून. "सगळ्या जगाला सांगत फिरलो, नाव शेवटी, नाव शेवटी! चाळीस वर्षं या गरिबाला भलत्याच्याच नावानं हाक मारतोय मी."

"मामंजी, मी बोलले नसते तर..."

"तर मला कळलंच नसतं. मला दिसत नाही हे तुला माहीत आहे, होय ना? केव्हापासून?"

"दोन वर्षं झाली."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"चांगले नट आहात की सगळे!" त्यांनी चष्मा खिशात टाकला. "आता मला तो दाखव. नाव ठाऊक झालंय, आता निवांत दाखव."

आणि सूनबाईनं दाखवला. सकाळी जी साप म्हटल्यावर किंचाळली होती, ती अर्धा तास दगडावर बसून एका राखरेघीचं वर्णन करत होती. डोक्यावरचे मोठे खवले कसे बेतून कापल्यासारखे, अंग वळतं तिथे खवले कसे विलग होतात आणि मधली कातडी कशी फिकी निळी दिसते, शेपटी कशी संपता संपत नाही. मामंजी मान डोलावत होते, एखादं अवघड पद कुणीतरी पहिल्यांदाच अर्थासकट म्हणून दाखवावं तसे. साप निघून गेल्यावर त्यांनी त्या दिशेनं हात जोडले. "माफ कर बाबा," ते म्हणाले, आणि सूनबाईनं दगड होता तसा, होता तिथे ठेवला.

शुक्रवारी दोघं संग्रहालयात गेले. नोंदणीबाई तरुण होत्या, घाईत होत्या, त्यांच्या टेबलावर खोक्यांचा डोंगर होता.

"अहो, तुम्ही कशाला त्रास घेतलात? आला नसतात तरी नोंद निघालीच असती."

"निघाली असती शंकास्पद म्हणून," मामंजी म्हणाले. "शंकास्पद म्हटलं की शंका टेकडीवर जाते. टेकडीची काही चूक नाही. माझी आहे. ती चूक म्हणून लिहा." आणि त्यांनी सूनबाईला कात उलगडून दाखवायला सांगितली.

नोंदणीबाईंनी भिंग लावलं. टाचणीनं एक कड उचलली, सोडली, परत उचलली. त्यांची घाई कुठच्या कुठे गेली. "कातीवरून मोजलेल्या नोंदी आमच्याकडे आणखी आहेत," त्या सावकाश म्हणाल्या. "ही दुमड कुणी तपासली असेल असं मला वाटत नाही. हे कसं ओळखायचं ते लिहून द्याल?"

"मी नाही. या देतील. त्यांची विद्या आहे ती."

सूनबाईनं नको नको म्हणत अर्धं पान लिहिलं. मग नोंदणीबाईंनी यादी पुढे ओढली. दोनशे बारा क्रमांक खोडला गेला नाही. त्या उतारावरून राखरेघीची नोंद कुणी केलीच नव्हती. नेहमीची म्हणून कुणाला सुचलंच नव्हतं. जागा तीच राहिली. चाल, ओळी, सगळं नव्यानं लिहिलं गेलं. नोंद करणाऱ्याच्या रकान्यात मामंजींनी सूनबाईचं नाव घालायला लावलं आणि चूक कुणाची त्या शेऱ्यात स्वतःचं. सापाच्या नावाचा रकाना उरला.

"आता लिहा," मामंजी म्हणाले.

घरी आले तेव्हा सासूबाई वाट बघत होत्या. त्यांनी दोघांचे चेहरे न्याहाळले आणि चहा ओतला. मामंजींचा कप नेहमीप्रमाणे हाताशी ठेवला. "समोर ठेवलाय, दिसत..."

"नाही दिसत," मामंजी म्हणाले. "बरेच दिवस झाले. तुझा चेहराही आता मधोमध नाही, कडेनंच दिसतो."

सासूबाईंच्या हातातली किटली तशीच राहिली. सूनबाई उगाचच मशीनवरचं कापड झटकू लागली.

"कडेनं कसा दिसतो?" सासूबाईंनी विचारलं.

"आठव्या दिवशी पळत सुटलेली मुलगी दिसते."

"म्हणजे खरंच दिसत नाही तुम्हाला," असं म्हणत सासूबाईंनी कप उचलून त्यांच्या दोन्ही हातांत दिला, आणि तो त्यांनी नीट धरेपर्यंत आपले हात काढले नाहीत.